किल्टचा पट्टा आणि सह्याद्रीचा हिरडा

किल्टला खिसा नसतो. स्कॉटलंडचा तो चुण्याचुण्यांचा, चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख सिनेमात किंवा रील्समध्ये आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. जवळपास आठ यार्ड लोकरी कापड, पण पैसे ठेवायला जागा नाही. म्हणून पुढे कमरेखाली लटकते ती चामड्याची थैली. तिचं नाव स्पोरन, आणि गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थही नुसता ‘थैली’ एवढाच. तिच्यावर असतो सव्वादोन इंच रुंदीचा कमरपट्टा आणि त्याला हाताच्या तळव्याएवढं चौकोनी बकल.

गंमत अशी की हा पट्टा काहीच धरून ठेवत नाही. किल्ट कमरेवर बसतो तो त्याच्या स्वतःच्या कडेला शिवलेल्या दोन-तीन बारीक चामडी पट्ट्यांवर. स्पोरन लटकते तिच्या वेगळ्या साखळीवर. मोठा पट्टा मिरवायचा असतो, बस्स. आजकाल तर त्यातल्या अनेक पट्ट्यांना मागच्या बाजूला चक्क वेल्क्रो असतं.

पूर्वी तसं नव्हतं. डोंगराळ स्कॉटलंडातले लोक, ज्यांना हायलँडर म्हणतात, ते एकच लांबलचक कापड चुण्या घालून अंगाभोवती गुंडाळायचे आणि वरून पट्टा आवळायचे. कमरेखाली झगा, वर शाल, रात्री तेच पांघरूण. पट्टा सुटला की सगळा संसार खाली. अठराव्या शतकात या कापडाचा खालचा अर्धा भाग वेगळा शिवला जाऊ लागला, चुण्या कायमच्या शिवून टाकल्या गेल्या आणि पट्ट्याची नोकरी गेली. मग त्याच्यावर नक्षी वाढत गेली. आपल्याकडे धोतर गेल्यावर फेट्याचं जे झालं तसंच काहीसं. रोजच्या वापरातून उतरलेली वस्तू समारंभात जास्त नटून येते.

ही नक्षी करतात कशी, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिथूनच निघते. जाड चामड्याची पट्टी पाण्याने ओलसर करतात. फार ओली झाली तर रेघ पसरते, कोरडी राहिली तर उमटत नाही. तिच्यावर आकृती उतरवून घेतात, मग बोटाच्या टोकावर फिरणाऱ्या छोट्या सुरीने रेघा कापतात. आरपार नाही, फक्त वरचा थर. त्यानंतर लोखंडी ठसा आणि हातोडी. रेघेच्या एका बाजूचं चामडं दाबत गेलं की दुसरी बाजू उचलल्यासारखी दिसते. दोऱ्या एकमेकींखालून-वरून गेल्याचा भास होतो तो या दाबण्यामुळे. शेवटी रंग, मेण, घासून काढलेल्या कडा. एका पट्ट्याला दिवस-दोन दिवस सहज जातात.

पण हे सगळं एकाच जातीच्या चामड्यावर जमतं. (इथे ‘जात’ शब्द चामड्यासाठी वापरला आहे. माणसांकडे पुढे येऊच.) झाडांच्या साली आणि फळं वापरून कमावलेलं चामडं ओलं केलं की मातीसारखं वागतं: दाबलं की दबतं आणि वाळलं की तसंच राहतं. आपल्या बुटांचं, सोफ्याचं, गाडीच्या सीटचं चामडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही, स्वस्त पडतं. मात्र त्याच्यावर ठसा मारला की थोड्या वेळाने ते पुन्हा सपाट होऊन आपल्याकडे बघत बसतं.

आता त्या नक्षीकडे येऊ. किल्टच्या पट्ट्यावर सर्रास दिसते ती गाठींची वेल, सुरुवात आणि शेवट नसलेली दोरी. विकणारे तिला हजारो वर्षांची केल्टिक परंपरा म्हणतात. गाठी जुन्या आहेत यात शंका नाही. इसवी सन ८०० च्या सुमाराच्या ‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखितात आणि स्कॉटलंडमधल्या कोरीव दगडांवर त्या दिसतात. पण त्या कशा आखायच्या याची रीत सामान्य कारागिरांच्या हाती आली ती जॉर्ज बेन नावाच्या स्कॉटिश चित्रकला शिक्षकामुळे. त्याचं पुस्तक १९५१ साली ग्लासगोत निघालं. आज पट्ट्यांवर दिसणाऱ्या गाठींवर त्या पुस्तकाची मोठी छाप आहे.

किल्टचीही कथा अशीच. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडर बंडखोरांचा पाडाव झाला आणि ब्रिटिश संसदेने कायदा करून त्यांच्या पोशाखावर बंदी घातली. पकडलं तर कैद, पुन्हा पकडलं तर सातासमुद्रापार हद्दपारी. बंदी उठली १७८२ साली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८२२ मध्ये, चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने असा काही थाटमाट उभा केला की बंदी घालणाऱ्यांच्याच वंशातला राजा किल्ट घालून मिरवला. अडाण्यांचा म्हणून हिणवलेला वेश राष्ट्रीय पोशाख झाला. मधल्या छत्तीस वर्षांत हा वेश कायदेशीरपणे घालायची मुभा कुणाला होती? ब्रिटिश लष्करातल्या हायलँडर पलटणींना. बंडखोर घातला तर गुन्हा, राजासाठी लढताना घातला तर गणवेश.

या पलटणी आपल्याकडे आल्या होत्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळ असई इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. त्याच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. मराठ्यांच्या तोफांनी ७४ व्या पलटणीची जवळपास राखरांगोळी केली. जिंकल्यावर दोन्ही पलटणींना मानचिन्ह मिळालं: हत्ती, आणि वर अक्षरं ‘असई’. ७४ वी पलटण पुढे हायलँड लाइट इन्फन्ट्रीत सामील झाली, आणि त्या पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर मराठवाड्यातल्या एका खेड्याचं नाव विसाव्या शतकापर्यंत चमकत राहिलं. ग्लासगोच्या किती पोरांनी ते नाव घासूनपुसून लख्ख केलं असेल!

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतही स्कॉटलंडच्या खुणा आहेत, फक्त तिथून रोज मेट्रोने जाणाऱ्यांना त्या दिसत नाहीत. दापोडी घ्या. पेशव्यांच्या पदरी इंग्रजी पद्धतीने शिकवलेली जी ब्रिगेड होती, तिचा प्रमुख कॅप्टन फोर्ड दापोडीला राहायचा. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली तेव्हा ही ब्रिगेड पेशव्यांऐवजी इंग्रजांच्या बाजूने उतरली. फोर्डचा बंगला पुढे मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने सरकारसाठी घेतला. माल्कम स्कॉटिश होता. १८२८ मध्ये त्याच आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं आणि १८३८ पासून त्याचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती अप्रतिम चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ म्हणून जपलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच नोंदलं गेलं. त्याचं नाव नाही. ही बाब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गिब्सनच्या अखत्यारीतल्या जंगलांत एक झाड होतं, ज्याचा चामड्याशी थेट संबंध आहे. हिरडा. खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिमेकडे, भीमाशंकर ते नाणेघाटच्या पट्ट्यात, हिरड्याची झाडं आजही बांधाबांधावर आहेत. चाकण हे त्याच खेड तालुक्यातलं गाव. गाड्यांचे कारखाने असलेलं चाकण आणि हिरडा वेचणाऱ्या महादेव कोळ्यांच्या वाड्या एकाच तालुक्यात आहेत, हे मुद्दाम सांगावं लागतं.

हिरड्याच्या फळात टॅनिन भरपूर असतं, साधारण तिसरा हिस्सा. कातडं कुजतं ते त्यातल्या प्रथिनांमुळे. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटून बसतं आणि कुजणं थांबतं. कातडं कमावणं म्हणजे एवढंच. बाभळीची साल एकटी वापरली तर चामडं लालसर आणि कडक होतं. सोबत हिरडा घातला की रंग फिका, पिवळसर येतो आणि चामडं भरीव होतं. फिक्या चामड्यावर हवा तो रंग चढतो, म्हणून नक्षीकामाला ते सोयीचं.

युरोपात पूर्वी ओकच्या सालीने कातडी कमावत. कारखाने वाढले तशी ओकची साल पुरेना. मग तुर्कस्तानातून, दक्षिण आफ्रिकेतून, अर्जेंटिनातून साली, फळं आणि लाकूड आणलं जाऊ लागलं. भारतातून जायचा हिरडा, मुंबईच्या बंदरातून, पोत्यापोत्यांनी. ब्रिटनमधल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या प्रती ठरवल्या होत्या आणि त्यांची नावं मोठी मजेशीर आहेत: जबलपूर, राजपोर, भिमली आणि व्हिंगोर्ला. शेवटचं म्हणजे आपलं वेंगुर्ला. कोकणातलं एक बंदर इंग्रजी चर्मोद्योगाच्या दरपत्रकात मालाची प्रत होऊन बसलं होतं. पलटणींचे पट्टे, काडतुसांच्या पेट्या, घोड्यांची जीनं आणि स्पोरनच्या थैल्या याच उद्योगाच्या चामड्याच्या. हौदात पडल्यावर मात्र हिरड्याला गावाचं नाव उरत नाही, आणि वेचणाऱ्याचं तर कधी लागलेलंच नसतं.

इकडे आपल्या गावांत काय चाललं होतं? कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाकडे आणि त्याच्या वस्तू बनवण्याचं चांभारांकडे. कोल्हापूरकडे कमावायची एक देखणी रीत होती. कातड्याची पिशवी शिवायची, ती टांगायची, आत बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ते झिरपू द्यायचं. महिना-दीड महिना हे चालायचं. मग चांभाराकडे येणाऱ्या चामड्यातून रापीने कापून आणि आरीने भोकं पाडून गावगाडा चालेल एवढं सगळं निघायचं: विहिरीवरची मोट, नाडा, आसुडाची वादी, वहाणा. आणि बैलांचा साज.

बैलाच्या साजाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. मला तो किल्टच्या पट्ट्याचा सख्खा भाऊ वाटतो. गळ्यातला रुंद चामडी पट्टा, त्यावर ओळीने टाचलेली पितळी घुंगरं, कुठे कवड्या, कडेला रंगीत गोंडे, कपाळावरून जाणारी म्होरकी. रोजच्या नांगरटीला यातलं काहीच लागत नाही. तिथे साधा कासरा पुरतो. हा सगळा थाट पोळ्याचा, बाजाराचा, शर्यतीचा. म्हणजे किल्टच्या पट्ट्यासारखाच मिरवण्यासाठी केलेला. चामड्यावर गोंडा आणि वेणी बसवायची हौसही तीच. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावरची वेणी जवळून पाहा, चामड्याच्या बारीक वाद्या एकमेकींखालून-वरून गेलेल्या दिसतील. जॉर्ज बेनला ती नक्की आवडली असती.

फरक पडतो तो करणाऱ्याच्या वाट्याला काय आलं त्यात. बलुतेदारीत चांभाराला धान्याचा वाटा होता, आणि त्याच्या हाताचा विटाळही होता. मोटेचं पाणी पिकाला चालायचं, मोट शिवणाऱ्याला पाणवठा चालायचा नाही. ढोरांची वस्ती तर वासाच्या नावाखाली आणखी लांब. स्कॉटलंडमध्येही कातडं कमावणाऱ्यांना गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला ठेवत, पण तिथे कारखाना बाहेर ठेवला जायचा, जन्म नव्हे. कमावणाऱ्याचा मुलगा उद्या शिंपी किंवा शिक्षक झाला तर त्याच्या मागे वास जात नसे.

छावण्यांनी यात थोडी फट पाडली. १८१७ नंतर खडकी, पुढे तिथला १८६९ चा दारूगोळा कारखाना, पुण्याची लष्करी वस्ती. इथे पट्टे, जीनं, बूट यांना अखंड मागणी होती आणि रोख पगार होता. पलटणीला मोची लागायचाच. आजही भारतीय लष्करात ‘इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर’ हे पद आहे. पळवणकर बाळू या अशाच लष्करी नोकरीतल्या चांभार कुटुंबात १८७६ साली धारवाडला जन्मले आणि पुण्यात वाढले. पूना क्लबच्या मैदानावर खेळपट्टीची निगा राखता राखता ते साहेबांना गोलंदाजी करू लागले आणि देशातले पहिले मोठे फिरकी गोलंदाज झाले. हिंदू संघाने त्यांना घेतलं खरं, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. चेंडू चामड्याचा होता आणि तो अकराही जणांच्या हातांतून जात होता, त्याची अडचण कुणाला झाली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमची पद्धत आली आणि महिन्या-दीड महिन्याचं काम दिवसांवर आलं. विसाव्या शतकात विहिरींवर पंप बसले आणि मोट गेली. गाव-चांभाराचं सर्वांत मोठं काम एका पिढीत संपलं. हिरड्याची मागणी औषधांपुरती आणि थोड्याफार जुन्या पद्धतीच्या चामड्यापुरती उरली. तरी डोंगरात बाळहिरडा अजून वेचला जातो, कोय धरायच्या आत, उन्हाळ्यात. अनेक आदिवासी घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न तेवढंच असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडं मोडली तेव्हा भरपाईचा प्रश्न उभा राहिला. सरकारी खात्यांच्या लेखी हिरडा पीकही नव्हता आणि फळबागही नव्हता. त्यासाठी किसान सभेला मोर्चे काढावे लागले.

कायद्याचाही चामड्यावर परिणाम होत असतो. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून बिज्जू, पाणमांजर अशा संरक्षित प्राण्यांच्या कातड्याची स्पोरन बाळगायची तर प्राणी कधी आणि कसा मेला याचा परवाना लागू शकतो. महाराष्ट्रात २०१५ मध्ये गाईसोबत बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तिथल्या कायद्याने काही जुन्या, हौशी थैल्या अडचणीत आल्या. इथल्या कायद्याने धारावीपासून कोल्हापूरपर्यंत कच्च्या मालाचीच चणचण झाली. म्हशीचं कातडं मिळतं, पण वाहतुकीत अडवलं जाण्याची भीती ट्रकवाल्याला कागद बघून थोडीच सोडते? धारावीत ‘चमार स्टुडिओ’ सुरू करणाऱ्या सुधीर राजभर यांनी तर चामड्याऐवजी जुन्या टायर-ट्यूबच्या रबराकडे मोर्चा वळवला आणि शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द ब्रँडच्या पाटीवर लावला. मला त्या पिशव्यांपेक्षा ती पाटी जास्त महत्त्वाची वाटते.

आज जगात विकले जाणारे बहुतेक स्वस्त किल्ट, बॅगपाइप आणि स्पोरन स्कॉटलंडमध्ये बनतच नाहीत. त्यांचं मोठं केंद्र आहे पाकिस्तानातलं सियालकोट. आपल्याकडे मेरठ आणि जालंधरला पाइप बँडचं सामान बनतं. सुरुवात इंग्रजी पलटणींच्या गरजेतून झाली आणि पलटणी गेल्यावरही हात थांबले नाहीत. एडिंबरोच्या रॉयल माइलवर पर्यटक जी थैली घेतो, ती पंजाबात शिवलेली असण्याची शक्यता बरीच आहे. उलट खुद्द स्कॉटलंडमध्ये हाताने स्पोरन बनवणारे इतके थोडे उरले की ब्रिटनमधल्या ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ संस्थेच्या धोक्यातल्या कलांच्या यादीत ते काम आहे. त्या यादीमुळे निदान त्यांची मोजदाद होते. मोजके कारागीर नावानिशी ओळखले जातात, गिऱ्हाईक त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने थांबतं.

आपल्याकडे अशी मोजदाद झाली ती कोल्हापुरी चपलेची. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे धनी दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळं, आपल्याकडचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ हे त्यातलं एक. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अगदी तशाच चपला नुसतं ‘लेदर सँडल’ म्हणून दाखवल्या, तेव्हा सोशल मीडियावर आपण सगळेच चिडलो. कोल्हापूरचं नाव घ्यायला हवं होतं, हे बरोबरच. पण त्या गदारोळात गावाचं नाव जितक्या वेळा आलं, तितक्या वेळा चपला बनवणाऱ्यांचं आलं का? दापोडीच्या चित्रकाराची आठवण होते ती इथे.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही माणसं पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसतात. सरकारी भाषेत त्यांना गटई कामगार म्हणतात आणि तो स्टॉल समाजकल्याणच्या योजनेतून मिळतो. निगडी, आकुर्डी, भोसरीच्या चौकांत कंपनीच्या बसची वाट बघणारे लोक त्यांच्याकडे बॅगेची चेन, सेफ्टी शूजचा सुटलेला तळवा किंवा पट्ट्याला एक जादा भोक यासाठी थांबतात. काम झालं की यूपीआयचा आवाज येतो आणि बस सुटते. यातल्या कितीजणांना बापाने किंवा आजोबाने घुंगुरपट्टा शिवायला शिकवलं होतं, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं.

घुंगुरपट्ट्याचा बाजार मात्र तेजीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती थांबवल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून खेड, मंचर, चिखली, मोशीकडचे घाट पुन्हा भरू लागले. चाकणच्या शनिवारच्या बैलबाजारात जनावरांच्या बरोबरीने साजही विकायला असतो: दोऱ्या, म्होरक्या, गोंडे, घुंगरांचे पट्टे. पुष्कळसे आता नायलॉनच्या पट्टीवर किंवा रेक्झिनवर शिवलेले असतात. चामड्याचा हवा असेल तर तसं सांगावं लागतं. मग विक्रेता तो मागून काढून देतो, आणि बैलवाला आधी पट्टा वाकवून बघतो, नाकाशी नेतो, मग घुंगरं मोजतो.